नागपुरात रोज चालवायला मधली स्पोर्ट-टुरर: निवडायची कशी?

नागपूर सपाट आहे. खरीखुरी वळणं पाहिजे असतील तर छिंदवाड्याच्या रस्त्यावर सिल्लेवानी घाट गाठावा लागतो, नाहीतर परतवाड्यावरून वर चिखलदऱ्याला चढावं लागतं. बाकी वर्धा रोड असो, अमरावती रोड असो की कामठी रोड, गाडी सरळच पळते. म्हणजे गाडी गुडघ्यापर्यंत वाकवायची हौस फिटणार एखाद्या रविवारी. सिग्नलवर पाय टेकवून उभं राहणं मात्र रोजचं. शोरूममध्ये पाऊल टाकण्याआधी एवढं मनाशी पक्कं झालं, की पुढच्या अर्ध्या चुका आपोआप टळतात.

स्पोर्ट-टुरर म्हणजे वेगात पळणारी, पण लांबच्या प्रवासालाही आरामात बसता येणारी मोटरसायकल. या लेखात मी ज्या गाड्या धरल्या आहेत त्या साधारण ४५० ते ८०० सीसीच्या: कावासाकी निंजा ५०० आणि निंजा ६५०, व्हर्सिस ६५०, होंडा एनएक्स५०० आणि सीबीआर६५०आर, ट्रायम्फ टायगर स्पोर्ट ६६०, सुझुकी जीएसएक्स-८आर, एप्रिलिया आरएस ४५७. यातल्या व्हर्सिस आणि एनएक्स५०० दिसायला अॅडव्हेंचर गाड्या आहेत, आणि आरएस ४५७ सरळसरळ स्पोर्ट बाइक आहे, हे मला माहीत आहे. पण डांबरावर आणि सिमेंटवर या सगळ्या एकाच कामासाठी घेतल्या जातात आणि ग्राहक त्याच एका बजेटमध्ये त्यांच्यात घोळत असतो, म्हणून एकत्र घेतल्या. एक्स-शोरूम किंमत ढोबळमानाने साडेचार लाखांपासून अकरा लाखांपर्यंत जाते.

आधी आपला रस्ता लिहून काढा

एक आठवडा मोबाइलमध्ये नोंद ठेवा: रोज किती किलोमीटर, त्यात सिग्नल किती, मागे कोणी बसतं का, गाडी रात्री कुठे उभी राहते, आणि शहराबाहेर महिन्यातून किती वेळा जाता. मानेवाड्याहून हिंगणा एमआयडीसीला जाणाऱ्याची गरज वेगळी आणि धरमपेठेतून सिव्हिल लाइन्सला जाणाऱ्याची वेगळी. बुटीबोरीला रोज जाणारा माणूस तर अर्धा हायवेवरच राहतो, त्याला वारा अडवणारी काच आधी आणि बाकी सगळं नंतर.

गाडी कुठे उभी राहणार, हा प्रश्न लोक सोडून देतात. महाल-इतवारीतल्या गल्लीत २०० किलोची गाडी उलटी ढकलत बाहेर काढायची असेल, किंवा अपार्टमेंटच्या तळघरात उतार असेल, तर तो त्रास दिवसातून दोनदा होणार आहे. निंजा ५०० आणि आरएस ४५७ साधारण १७० ते १७५ किलोच्या, निंजा ६५० आणि एनएक्स५०० १९६ च्या, टायगर स्पोर्ट आणि जीएसएक्स-८आर २०५-२०६ च्या, आणि व्हर्सिस त्याहून भारी. चालताना हे वजन विरघळून जातं. उतारावर, बंद इंजिनवर, पावसात मात्र पंचवीस किलोचा फरक कमरेला कळतो.

शहराबाहेरच्या हिशेबात एक गोष्ट स्पष्ट ठेवा. समृद्धी महामार्ग डोळ्यासमोर ठेवून गाडी घेऊ नका. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा तो रस्ता शिवमडक्यापासून सुरू होतो, पण दुचाकीला त्यावर प्रवेश नाही. तुमच्या वाट्याला येणार तो अमरावतीकडचा जुना हायवे, किंवा पेंचमधून सिवनी-जबलपूरकडे आणि खाली हैदराबादकडे जाणारा ४४ नंबर. तिथे उलट्या दिशेने ट्रॅक्टर येतो, गायी दुभाजकावर बसलेल्या असतात, ढाब्यासमोर ट्रक अचानक आत वळतो. ९० ते ११० च्या वेगात निवांत चालणारं इंजिन पुरतं. १८० ला जाणारं कौतुक गप्पांसाठी ठीक.

बसून बघा, नुसतं पाय टेकतात का एवढंच बघू नका

सीटची उंची पत्रकात मिलिमीटरमध्ये दिलेली असते: निंजा ५०० ची ७८५, निंजा ६५० ची ७९०, सीबीआर आणि जीएसएक्स-८आर ची ८१०, एनएक्स५०० ची ८३०, टायगर स्पोर्टची ८३५, व्हर्सिसची ८४५. पाच फूट पाच-सहा इंचांच्या माणसाने हे आकडे वाचून घाबरून जायचं कारण नाही, कारण सीट पुढच्या बाजूला किती अरुंद आहे यावरही पाय टेकणं अवलंबून असतं. पंजे दोन्हीकडे नीट टेकले आणि एक टाच जमिनीला लागली, तर काम भागतं.

त्यापेक्षा महत्त्वाचं आहे हँडल. बसल्यावर दोन्ही हात हँडलवरून उचला. पाठ जशी होती तशीच राहिली तर बैठक रोजच्या कामाची आहे. पुढे कोसळायला लागलात, म्हणजे अंगाचा भार मनगटांवर येत होता. हायवेवर समोरून येणारा वारा छातीला थोडा उचलून धरतो म्हणून हा भार जाणवत नाही. व्हेरायटी चौकात ताशी पंधराच्या वेगाने तो वारा नसतो आणि सगळा भार तळहातावर येतो. म्हणूनच एखादी गाडी रविवारी आवडते आणि सोमवारी नकोशी होते.

फुटरेस्ट किती मागे आहेत तेही बघा. गुडघा फार दुमडला तर ऑफिसच्या फॉर्मल पँटमध्ये अर्ध्या तासात कळ येते. आणि हो, हेल्मेट घालूनच बसा. काचेवरून येणारा वारा नेमका हेल्मेटच्या कपाळावर आदळतो की डोक्यावरून जातो, हे टेस्ट राइडशिवाय कळत नाही. व्हर्सिस आणि टायगर स्पोर्टची काच खालीवर करता येते. उंच माणसाने आणि डिसेंबरच्या थंडीत पहाटे निघणाऱ्याने याला चांगले मार्क द्यावेत.

इंजिन: आकडा किती, यापेक्षा तो कुठे मिळतो

इथे थोडं थांबू, कारण बहुतेक निर्णय इथेच फसतात.

निंजा ६५०, टायगर स्पोर्ट ६६० आणि सीबीआर६५०आर या तिघींचा टॉर्क, म्हणजे इंजिनचा ओढण्याचा जोर, जवळपास सारखा आहे: ६३-६४ न्यूटन मीटर. पॉवरमध्ये मात्र मोठी तफावत. निंजा ६८ पीएस, टायगर ८१ आणि सीबीआर ९४-९५ च्या घरात. कागदावर सीबीआर जिंकते. आता तो टॉर्क कोणत्या आरपीएमला, म्हणजे इंजिनच्या मिनिटाला किती फेऱ्यांवर, मिळतो ते बघा. निंजाचा ६७०० ला, टायगरचा ६२५० ला, सीबीआरचा ९५०० ला. तुम्ही सीताबर्डीत दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये तीन ते पाच हजारांच्या मध्ये फिरत असता. सीबीआरचं इंजिन तिथे नुकतंच जागं होत असतं. तिची खरी मजा वर, जिथे पोहोचेपर्यंत पहिल्याच गिअरमध्ये शहराची वेगमर्यादा मागे पडलेली असते. चार सिलिंडरचा आवाज ऐकून जीव हरखतो, ते मी नाकारत नाही. पण तो आवाज ऐकायला जागा लागते.

दोन सिलिंडरची गाडी खालूनच ओढते. ऑटोरिक्षा अचानक समोर आली, वेग कमी झाला, परत उचलायचा, हे गिअर न बदलता होतं. जीएसएक्स-८आर या बाबतीत सगळ्यांत उजवी: ७७६ सीसी, ७८ न्यूटन मीटर, तेही ६८०० ला. एनएक्स५०० चा आकडा ४३ आहे, छोटा वाटतो, पण शहरात ती कुठेही कमी पडत नाही. डबलसीट हायवेवर ट्रक ओलांडताना तेवढा एक गिअर खाली टाकावा लागतो. तीन सिलिंडरची टायगर दोन्हींच्या मध्ये बसते. खालून जोर आहे आणि वर कंपन कमी. मला विचाराल तर रोजच्या रस्त्यासाठी या यादीतलं सगळ्यांत समजूतदार इंजिन तिचंच.

क्लच हाताने दाबून बघा, एकदा नाही, पंचवीस-तीस वेळा. आजकाल यातल्या बहुतेक गाड्यांना असिस्ट-स्लिपर क्लच असतो, त्यामुळे लिव्हर हलका लागतो. सीबीआरला होंडाने भारतात २०२५ पासून ई-क्लच दिला आहे: गिअर पायानेच टाकायचा, पण क्लच मोटर सांभाळते, गाडी थांबली तरी बंद पडत नाही. चार सिलिंडरचीच घ्यायची असं ज्याचं ठरलंच आहे, त्याच्यासाठी शहरात तो खरोखर उपयोगी आहे.

लायसन्सबद्दल एक शब्द. आपल्याकडे १२५ सीसीची गिअरची गाडी चालवणारं लायसन्सच ६५० लाही चालतं, वेगळी परीक्षा नाही. म्हणजे गिअरच्या गाडीचं लायसन्स असेल तर काल अॅक्टिव्हावर असलेला माणूस आज तिच्या आठपट ताकदीच्या गाडीवर कायदेशीररीत्या बसू शकतो. स्कूटरवरून थेट येणार असाल तर निंजा ५०० किंवा एनएक्स५०० च्या वर बघू नका.

उन्हाळ्याची परीक्षा

पुण्या-मुंबईचे रिव्ह्यू वाचून गाडी घेणाऱ्या नागपूरकराला हा धडा मे महिन्यात मिळतो. पारा ४५ च्या आसपास, खाली सिमेंटचा रस्ता तापलेला आणि मांड्यांच्या मध्ये इंजिन. या सगळ्या गाड्या लिक्विड-कूल्ड आहेत, म्हणजे गाडी सहसा उकळून बंद पडणार नाही. प्रश्न तुमच्या पायांचा आहे. चालत्या गाडीत रेडिएटरमधून येणारी हवा मागे निघून जाते. सिग्नलवर ती थांबते, कूलंटचं तापमान शंभराच्या आसपास गेलं की पंखा सुरू होतो, आणि रेडिएटरमागची गरम हवा फेअरिंगच्या (गाडीभोवतीच्या बाहेरच्या आवरणाच्या) फटींतून नडग्यांवर येते. ती फेअरिंगमधून कुठे बाहेर काढली आहे, यावर गाडी सुसह्य की असह्य हे ठरतं.

साधारण नियम असा: सिलिंडर जास्त आणि फेअरिंग बंदिस्त, तेवढी धग जास्त. निंजा ६५० आणि व्हर्सिस यांचं इंजिन एकच आहे, पण व्हर्सिसवर माणूस उंच आणि सरळ बसतो, त्यामुळे पाय धगीपासून थोडे लांब राहतात. एनएक्स५०० ही या बाबतीत सगळ्यांत मवाळ गाड्यांपैकी.

म्हणून टेस्ट राइड सकाळी नऊला घेऊ नका. सेल्समन तीच वेळ देतो, कारण त्याला माहीत असतं. दुपारी दोन-अडीचला जा. गाडी वीस मिनिटं चालवून आणा, मग शोरूमसमोर सावली सोडून उभी करा, इंजिन चालू ठेवा आणि पंखा सुरू होईपर्यंत गाडीवरच बसा. पंखा सुरू झाल्यावर आणखी दोन-तीन मिनिटं. ही गोष्ट हिवाळ्यात करायची वेळ आली, तर जी धग लागेल ती मे महिन्यात दुप्पट समजा. उन्हाळ्यात काही सिग्नलांवर वर हिरवी जाळी बांधतात खरी, पण खालची धग जाळी अडवत नाही.

टायरच्या हवेबाबत एक गैरसमज इथे फार आहे: ऊन जास्त म्हणून हवा कमी भरायची. उलट आहे. हवा कमी असली की टायर जास्त दबतो आणि जास्त तापतो. सकाळी टायर थंड असताना, स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर जेवढी लिहिली आहे तेवढीच भरा.

सिमेंट रोड, गतिरोधक आणि पाऊस

आपले सिमेंट रस्ते टिकतात, पण त्यांचे दोन स्वभाव गाडी निवडताना लक्षात घ्यावे लागतात. एक म्हणजे सांधे. ठराविक अंतरावर ठक-ठक चालूच राहते आणि कडक सस्पेन्शनची गाडी ती थेट मणक्याला सांगते. दुसरा म्हणजे कड. मुख्य रस्ता उंच आणि बाजूची गट्टूची पट्टी खाली, मध्ये चार बोटांची पायरी. ती तिरकी ओलांडायला गेलं की पुढचं चाक कडेला घासत राहतं आणि गाडी आडवी होते. काटकोनात चढा, आणि गाडी निवडताना जास्त ट्रॅव्हलचं, म्हणजे जास्त खालीवर होणारं, सस्पेन्शन असलेलीला झुकतं माप द्या.

गतिरोधकाचं प्रमाण भारतीय रस्ते परिषदेने १० सेंटिमीटर उंची आणि ३.७ मीटर रुंदी असं दिलेलं आहे. कॉलन्यांमधले गतिरोधक कोणी कसे घातले ते वेगळं सांगायला नको. निंजा ६५० चा ग्राउंड क्लिअरन्स १३० मिलिमीटर आणि तिचा सायलेन्सर इंजिनखाली आहे. डबलसीट असताना घराजवळच्या उभट गतिरोधकावर ती घासू शकते. जीएसएक्स-८आर १४५, व्हर्सिस १७०, एनएक्स५०० १८०. शेवटच्या दोघींवर हा विषयच संपतो.

पावसाळ्यात खोदकामाची काळी माती रस्त्यावर येते आणि ती ओली झाली की कुठलाच टायर धरत नाही. दोन्ही चाकांना एबीएस या सगळ्या गाड्यांना आहे. ट्रॅक्शन कंट्रोल (मागचं चाक जागेवर फिरून घसरू न देणारी यंत्रणा) मात्र कोणत्या व्हेरियंटमध्ये आहे, ते विचारून घ्या.

मागे बसणाऱ्याला सोबत न्या

घरातून पहिला प्रश्न येतो, "कायले पाह्यजे एवढी मोठी गाडी?" त्याचं उत्तर शोरूममध्ये द्या. बायको, आई, जी व्यक्ती खरोखर मागे बसणार आहे तिला बसवा आणि फिरवून आणा. आरएस ४५७ वर मागची सीट केवळ नावाला आहे. सीबीआर आणि निंजा ५०० वर थोड्या अंतरापुरतं ठीक. निंजा ६५० बरी. टायगर स्पोर्ट, व्हर्सिस आणि एनएक्स५०० वर माणूस अमरावतीपर्यंत तक्रार न करता बसतो. धरायला दांडी आहे का, पाय ठेवायची जागा किती उंच आहे, साडी नेसून बसायचं झालं तर साडी गार्ड बसवलेलं आहे की डीलरने खोक्यात दिलं आहे, हे सगळं तिथेच बघा.

टायगर स्पोर्ट आणि व्हर्सिसवर मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला ताण) बाहेरच्या नॉबने हाताने बदलता येतो. आठवड्यातून दोनदा डबलसीट जाणाऱ्याला ही सोय लाखमोलाची, कारण पाना काढून कोणी रोज सेटिंग करत नाही.

पैशाचा हिशेब

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर १८ टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्या सगळ्यांवर ४० टक्के. म्हणजे या यादीतली प्रत्येक गाडी ४० टक्क्यांत. थर्ड पार्टी विम्यातही ३५० सीसीची रेघ आहे: १५० ते ३५० सीसीला वर्षाला १३६६ रुपये, ३५० च्या वर २८०४, आणि नवीन गाडीला तो पाच वर्षांचा एकदम भरावा लागतो. त्यावर रस्ता कर, स्वतःच्या गाडीचा विमा, हँडलिंगच्या नावाने लावलेलं काहीबाही. कोटेशन नेहमी ऑन-रोड आणि ओळीओळीने मागा. पूर्ण तयार होऊन आयात झालेली गाडी असेल तर कराची ओळ विशेष तपासा.

अॅव्हरेजची चिंता लोक उगाच करतात. रोजचे ३० किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे ७५० किलोमीटर. लिटरला २० देणारी ६५० साडेसदतीस लिटर पिते, २७ देणारी ५०० अठ्ठावीस. फरक महिन्याला हजार रुपयांच्या आसपास. दहा लाखांची गाडी घेणाऱ्याचा निर्णय यावर फिरू नये. फिरायचा असेल तर टायरवर फिरावा. सरळ सिमेंट रस्त्यांवर मागचा टायर मधोमध सपाट होतो, आणि वर्षाला नऊ हजार किलोमीटर धरले तर वर्ष-सव्वा वर्षात तो बदलावा लागू शकतो. त्याला पाच आकडी रक्कम लागते. १६० रुंदीचा मागचा टायर सीबीआर-जीएसएक्सच्या १८० पेक्षा स्वस्त पडतो. बदलताना मधला भाग कडक आणि कडा मऊ असलेला स्पोर्ट-टुरिंग टायरच टाका.

सर्व्हिसचं वर्कशॉप नागपुरातच आहे का, की इथे फक्त विक्री, हे तिथल्या मेकॅनिकशी बोलून ठरवा. ब्रेक पॅड, क्लच केबल, आरसा आणि लिव्हर या चार गोष्टी मागितल्या तर किती दिवसांत येतात, एवढंच विचारा. "मागवून देऊ" हे उत्तर नव्हे. एका पार्टसाठी गाडी सातशे किलोमीटरवर पुण्याला पाठवायची वेळ येऊ नये.

जुनी गाडी घेणार असाल तर महाराष्ट्रातलीच बघा. दिल्ली किंवा बंगळुरूची स्वस्त ६५० इथे आणली की एनओसी आणि इथला कर भरताना स्वस्ताई संपते.

टेस्ट राइडचा रस्ता तुम्ही ठरवा

शोरूमच्या मागच्या रिकाम्या गल्लीतली फेरी कामाची नाही. वर्धा रोडच्या डबलडेकर पुलाखालचा एखादा यू-टर्न, सीताबर्डीतली संध्याकाळची गर्दी, आणि रिंग रोडचा एक लांब पट्टा, एवढं तरी पाहिजे. यू-टर्न एका दमात होतो का, पहिल्या गिअरमध्ये क्लच न दाबता गाडी किती हळू चालते, आणि मोकळ्या रस्त्यावर ५० वरून जोरात ब्रेक दाबल्यावर लिव्हरमध्ये एबीएसची थरथर कशी येते, हे बघा. तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ३० वर थ्रॉटल पूर्ण उघडा. झटके देत उचलली तर ती गाडी तुम्हाला रोज गिअर बदलायला लावणार.

मग कोणती?

रोज शहर आणि महिन्यातून एखादी रामटेक-खिंडसी, तर एनएक्स५००. उंची कमी असेल आणि एकटेच फिरत असाल, तर निंजा ५००. नागपूरच्या बहुतांश लोकांसाठी माझं उत्तर इथेच थांबतं. दर आठवड्याला हायवे आणि मागे माणूस असेल, तर व्हर्सिस ६५०. बजेट ताणता येत असेल, तर टायगर स्पोर्ट. एकट्याने वेगात आणि थोडी हौस म्हणून, तर निंजा ६५० पेक्षा जीएसएक्स-८आर, किंमत परवडली तर. आरएस ४५७ आपल्या बारामतीत बनते, छान वळते, पण १३ लिटरची टाकी आणि ती मागची सीट बघता ती दुसरी गाडी म्हणून घ्यावी. सीबीआर ज्याला घ्यायची आहे तो माझं ऐकून थांबणार नाही. त्याने निदान दुपारी दोनची ती परीक्षा देऊन यावं.

बुकिंगनंतर, रजिस्ट्रेशनचे पैसे भरायच्या आधी, प्रत्यक्ष तुम्हाला मिळणारीच गाडी बघायला मागा. चेसिसवरचा नंबर आणि निर्मितीचा महिना कागदांशी जुळवा. टायरच्या बाजूला चार अंकी कोड असतो, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. गोदामात वर्षभर उभी राहिलेली गाडी त्यात लगेच सापडते. असं निघालं तर सूट मागा किंवा दुसरी गाडी मागा. ताब्यात आल्यावर पहिले हजार किलोमीटर इंजिन फार उंच आरपीएमवर नेऊ नका, नवे टायर पहिले दीडशे-दोनशे किलोमीटर गुळगुळीत असतात म्हणून वळणावर जपून, आणि पहिल्या सर्व्हिसला चेनचा ताण तुमच्यासमोर मोजून घ्या, तुम्ही सीटवर बसलेले असताना आणि नसताना, दोन्ही वेळा.